श्वास थांबवायचा नाही

आमच्या यावलकडे पोहणं शिकायचं म्हणजे विहीर. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, तेही न मिळालं तर बागेतून केळीचा एक खांब ओढून आणायचा, आणि थोरल्या कुणी मागून ढकललं की हातपाय मारत सुटायचं. केळीचा खांब पाण्यात बुडत नाही, हे आमच्या तालुक्यातल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं. पुढं भोपळा सुटला की खरी चढाओढ सुरू व्हायची. तळाचा खडा कोण काढून आणतो आणि पाण्याखाली सर्वांत जास्त वेळ कोण थांबतो? काठावर एक जण आकडे मोजत उभा. ज्याचा दम मोठा, तो राजा.

चाळीस वर्षांनी मालवणच्या समुद्रात उतरण्याआधी मला जे पहिल्यांदा सांगितलं गेलं, ते याच्या नेमकं उलट होतं. "काका, एकच नियम पक्का लक्षात ठेवा. पाण्याखाली श्वास थांबवायचा नाही. कधीच नाही." सांगणारी मुलगी पंचविशीची, मालवणचीच, मच्छीमाराच्या घरातली. तिच्या आवाजात दटावणी नव्हती, पण ढिलाईही नव्हती. पुढच्या चार दिवसांत ते वाक्य तिनं मला किमान वीस वेळा ऐकवलं असेल.

या प्रवासाचं कारण माझा भाचा. जळगावला अभियांत्रिकी शिकतो. पाण्याखालचे व्हिडिओ पाहून त्याच्या डोक्यात स्कूबा डायव्हिंग बसलं. बहिणीनं अट घातली की मामा सोबत असेल तरच जायचं. निघताना माझ्या आईनं त्याच्या हातावर दही ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "पान्याशी मस्ती नको करजो." जानेवारीचा पहिला आठवडा होता. भुसावळहून रेल्वेनं ठाणे, तिथं गाडी बदलून कोकण रेल्वेनं कुडाळ. डब्यात कळण्याच्या पुऱ्या आणि बामणोदच्या वांग्यांचं भरीत होतं, ते रत्नागिरीच्या आधीच संपलं. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. आमची काळी, भेगाळणारी जमीन पाहून आलेल्या डोळ्यांना तो लाल जांभा आणि त्यावरची काजूची झाडं दुसऱ्याच देशातली वाटली.

मालवणच्या धक्क्यावर आणि दांडीच्या किनाऱ्यावर बुडीचे फलक रांगेनं लागलेले असतात. त्यातल्या बहुतेकांवर मिळते ती दोन तासांची सहल. किनाऱ्यावर थोडं समजावतात, होडीतून नेतात, आणि मार्गदर्शक तुमच्या सिलिंडरला धरून पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणतो. चांगल्या माणसाच्या हाताखाली केली तर ती सहलही सुरक्षित असते. पण त्यात तुम्ही सामानासारखे नेले जाता, स्वतः काही शिकत नाही. मला भाच्याला शिकवायचं होतं. म्हणून आम्ही चार दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतला. तो पुरा केला की माणसाला जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत उतरता येतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, खास या शिक्षणासाठी बांधलेल्या खोल तलावासकट. आपल्या राज्यात अशी सोय आहे हे खानदेशात फार कमी जणांना ठाऊक असतं.

पहिला दिवस कागदाचा. दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाब, चालू औषधं. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून यावलहून निघतानाच डॉक्टरांचं पत्र घेतलं होतं. भाच्याला प्रवासात सर्दी झाली होती. त्यानं ती लपवायचा प्रयत्न केला. त्या मुलीनं त्याला नाक धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायला सांगितलं. डावा कान उघडेना. "आज तुम्ही पाण्यात उतरणार नाही," ती म्हणाली. पैसे भरलेत, रजा मोजकी आहे, हे सारं त्यानं सांगून पाहिलं. ती हलली नाही. दोनच मीटर खाली गेलं तरी कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब येतो, आतली हवा त्याला तोलून धरू शकली नाही तर पडदा फाटू शकतो, आणि फाटलेल्या कानातून गार पाणी आत शिरलं की माणसाला वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेनासं होतं. भाचा दिवसभर किनाऱ्यावर बसून राहिला. मला मात्र त्याच दिवशी त्या मुलीबद्दल भरवसा वाटला. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येणं, हीच या धंद्यातली पहिली पात्रता आहे असं माझं मत झालं.

मग तिनं मला दाबाचं गणित समजावलं, आणि विहिरीतल्या आमच्या राजेपणाचा हिशेब लागला. जमिनीवर आपल्यावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी एक दाब दर 10 मीटर पाण्यानं वाढतो. 10 मीटरवर दुप्पट, 20 वर तिप्पट. विहिरीत आपण वरून छाती भरून हवा घेतो. खाली जाताना ती आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते, त्याहून जास्त नाही. म्हणून तिथं दम धरला तरी फुप्फुस फाटत नाही. स्कूबात मात्र आपण खाली असतानाच श्वास घेतो, आणि तोंडातलं यंत्र तिथल्या दाबाची हवा पुरवतं. 10 मीटरवर भरलेली छाती घेऊन, श्वास कोंडून माणूस वर आला, तर ती हवा वाटेत दुप्पट होऊ पाहते. तिला जागा कुठं? दीड मीटरच्या पाण्यातूनसुद्धा असं झाल्याची उदाहरणं आहेत. फुप्फुसाच्या फाटीतून हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. घाबरलेला माणूस नेमक्या याच दोन गोष्टी करतो, दम धरतो आणि वर धावतो. म्हणून त्या एका वाक्याचं वीसदा पारायण.

विहिरीबद्दलही इथं सांगून टाकतो, कारण आमच्याकडची पोरं आजही हे करतात. बुडी मारण्याआधी भराभर दहा-बारा खोल श्वास घ्यायचे, म्हणजे दम जास्त टिकतो, असा समज आहे. दम टिकतो हे खरं, पण तो प्राणवायू वाढल्यामुळं नव्हे. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यायची आठवण शरीराला तोच वायू करून देत असतो. आठवण येत नाही, प्राणवायू संपतो, आणि चांगला पोहणारा मुलगा पाण्याखालीच शुद्ध हरपतो. काठावरच्याला वाटतं, आज याचा विक्रम होणार.

आणखी एक गैरसमज दूर झाला. बातम्यांत लिहितात 'ऑक्सिजन सिलिंडर'. बुडीच्या सिलिंडरमध्ये सहसा नुसता ऑक्सिजन नसतो, साधी, गाळलेली, दाबून भरलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली शरीराला विषासारखा होऊ लागतो. साध्या हवेतला नायट्रोजन आपला वेगळा त्रास देतो. दाबाखाली तो रक्तात आणि स्नायूंत मुरतो. गोटी सोड्याची बाटली फटकन उघडली की फेस उसळतो, तसं माणूस झपाट्यानं वर आला तर तो नायट्रोजन अंगात फसफसतो. सांधे दुखतात, हातपाय लुळे पडू शकतात. इंग्लंडमधल्या हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञानं बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये यावरची पहिली कोष्टकं छापली, आणि आज मनगटावर बांधायचा डायव्ह कॉम्प्युटर त्याच वाटेनं पुढं आलेला आहे. शिकाऊ माणसानं लक्षात ठेवायचं ते सोपं आहे. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगानं वर यायचं नाही, आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

दुसऱ्या दिवशी तलावात मला जे जमेना, ते होतं अधांतरी राहणं. कमरेला शिशाची वजनं, अंगात हवा भरता-सोडता येईल असं जाकीट. दोन्हींचा मेळ असा घालायचा की माणूस तरंगूही नये आणि बुडूही नये. त्रिशंकूसारखा मधेच. मी विहिरीतल्या सवयीनं हात मारत होतो. हात मारला की वर जायचो, थांबलो की तळाला टेकायचो. शेवटी तिनं माझे दोन्ही हात छातीवर बांधायला लावले. "आता फक्त श्वास घ्या. सावकाश." श्वास आत घेतला तसा मी वीतभर वर गेलो, सोडला तसा वीतभर खाली. पाण्यात हालचाल न करता, नुसत्या श्वासावर वरखाली होता येतं हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. त्या क्षणी मी खूण केली, अंगठा वर करून 'छान'. ती लगेच मला धरून वर घेऊन आली. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. एवढीशी खूण, पण खऱ्या समुद्रात तिचा घोटाळा महागात पडतो.

ही हात बांधून घेण्याची कला माणसाला वाचवायला शिकवतात, एवढंच मला तोवर वाटत होतं. समुद्रात उतरल्यावर कळलं की तीच खालच्या जिवांनाही वाचवते.

तिसऱ्या दिवशी, भाच्याचा कान उघडल्यावर, आम्ही होडीनं सिंधुदुर्गाच्या मागच्या अंगाला गेलो. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1664 च्या नोव्हेंबरात सुरू केलं. त्याच्या तटाभोवतीचे खडक ही त्या काळी शत्रूच्या गलबतांसाठी भीती होती. आज त्याच बुडालेल्या खडकांवर प्रवाळ आहे. किल्ला, शेजारचा पद्मगड आणि भोवतालचा समुद्र मिळून 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. सुमारे 29 चौरस किलोमीटर, त्यातला 3 चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त भाग गाभ्याचा. आमच्या तालुक्यातलं यावल अभयारण्य सुमारे 175 चौरस किलोमीटरांचं आहे, त्यामानानं हे अगदी चिमुकलं. मच्छीमारांचा त्याला पहिल्यापासून विरोध राहिला, आणि त्यांची बाजू सोडून देण्यासारखी नाही. रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या पोटावर कायदा आधी येतो, आणि रात्री प्रखर दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या नौका मात्र पकडल्या जात नाहीत, ही तक्रार मी चार दिवसांत चार जणांकडून ऐकली. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारनं 2017 मध्ये बंदी घातली आहे. सातपुड्याच्या पायथ्याला आदिवासी पाड्यांची आणि अभयारण्याची जी ओढाताण आम्ही पाहतो, तिचीच ही खारी बाजू.

होडीचा तांडेल साठीचा. जागेवर पोचल्यावर एका नव्या पोरानं नांगर उचलला, तसा म्हातारा ओरडला, "हयसर टाकूचो नाय रे! खाली कोरल आसा." होडी पुढं वाळूवर नेऊन नांगर सोडला. नांगराचं लोखंड प्रवाळावर पडलं तर एका झटक्यात जे तुटतं, ते भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. मालवणकडे आढळणारं गोलमटोल पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे परातीएवढा गोळा हा कित्येक वर्षांचा.

उतरण्याआधी जोडीदारानं जोडीदाराला तपासायचं असतं. जाकिटात हवा भरते का, वजनपट्टा चटकन सुटतो का, सगळ्या कड्या नीट आहेत का, सिलिंडर पूर्ण उघडलाय का, तोंडातून हवा येते का. मी भाच्याला तपासलं, त्यानं मला. सिलिंडरच्या काट्यावर 200 बार दाब होता. 50 उरायच्या आत होडीवर परतायचं, हे ठरलं.

खाली पाणी हिरवट होतं. सात-आठ मीटरवर नजर जेमतेम तेवढीच पोचत होती. जाहिरातींतलं निळंशार पाणी इथं मिळत नाही, आणि ते तसं असायलाही नको. कोकणच्या नद्या पावसाळ्यात समुद्रात गाळ ओततात, त्या गढूळपणात तग धरणारंच प्रवाळ इथं टिकलंय. लक्षद्वीपच्या फांदीदार प्रवाळापुढं ते रूपानं साधं, पण चिवट. आधी मला तो खडकच वाटला. जवळ गेल्यावर त्यावर बारीक बारीक घरं दिसली, मधाच्या पोळ्यासारखी, आणि प्रत्येक घरात एक जीव. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना रंगही देतं आणि अन्नही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं होतं आणि उपाशी मरू लागतं. 1998 साली जगभर असं झालं, तेव्हा लक्षद्वीपचं अपार नुकसान झालं. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगातल्या चौथ्या अशा संकटाची घोषणा केली. तापमान आपल्या एकट्याच्या हातात नाही. पण आधीच तापानं फणफणलेल्या रोग्याच्या छातीवर पाय देऊ नये, एवढं तर हातात आहे.

कारण पाय पडतो, आणि मी तो पडताना पाहिला. शेजारच्या एका होडीचा मार्गदर्शक एका पर्यटकाला घेऊन आला. त्याला प्रवाळाच्या गोळ्यावर उभं केलं, खिशातून बिस्किटाचा चुरा काढून पाण्यात सोडला, माशांचा थवा जमला, आणि त्याचं छायाचित्र काढलं. उतरता चढता पायांतल्या पंखांच्या फटक्यांनी वाळूचा ढग उठला आणि शेजारच्या प्रवाळावर बसला. सगळं मिळून तीन मिनिटं. त्या पर्यटकाचा दोष मी कमी मानतो, तो भेदरलेला होता आणि कुणीतरी त्याला आधार दिला म्हणून उभा राहिला. दोष शिकवणाऱ्याचा. प्रवाळाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तीच त्याची कातडी. आपल्या हाताच्या घासण्यानं ती निघते आणि तिथून रोग शिरतो. बिस्किटाला चटावलेले मासे प्रवाळावरचं शेवाळ खायचं सोडतात, आणि शेवाळ प्रवाळाला गुदमरवतं. शिवाय कायद्यानं पाहिलं तर प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या पाठीवर उभं राहून कुणी छायाचित्र काढत नाही.

मी हात छातीशी बांधून एका कपारीशी थांबलो. श्वास सावकाश. दहा-बारा श्वासांनंतर कपारीतून एक वाम डोकं काढून पाहू लागली. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे परत आले. वाळूत एक पाकट पसरलेलं होतं, ते मला आधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी घेतलेलं शिक्षण मी असं सांगेन. धडपडणाऱ्या माणसाची हवा लवकर संपते, तो दगडाला धरतो, प्रवाळ मोडतो, विंचूमासा नाहीतर पाकटाच्या शेपटीवर हात ठेवतो, आणि त्याला काहीच दिसत नाही. शांत माणूस जास्त वेळ खाली राहतो, त्याच्या हातून काही मोडत नाही, आणि समुद्र त्याच्यासमोर उलगडतो. स्वतःला जपणं आणि त्या जिवांना जपणं ही दोन कामं मला तिथं वेगळी करता आली नाहीत. जाता जाता, पाकट किंवा दगडमासा डसलाच तर तो भाग सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. उष्णतेनं ते विष सौम्य होतं. कुंकू-हळद चोळत बसायचं नाही.

सुरक्षेची गोष्ट पाण्याखालीच संपत नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीला बुडी घेऊन परतणारी पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. बुडी निर्विघ्न झाली होती, घात परतीच्या वाटेवर झाला. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र फिरू लागलेला असतो. पावसाळ्यात इथल्या जलक्रीडा बंद ठेवतात, पण बंदीच्या आदल्या आठवड्यातली घाई बंदीइतकीच ओळखायला हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. आणि होडीत पाय टाकल्यापासून उतरेपर्यंत जीवरक्षक जाकीट अंगात हवं, बुडी संपली म्हणून काढायचं नाही. आमच्या तांडेलनं भाच्याला दोनदा ते पुन्हा घालायला लावलं.

शेवटच्या दिवशी निवतीहून होडीनं वेंगुर्ला रॉक्सकडे गेलो. किनाऱ्यापासून लांब, समुद्रातून उभे राहिलेले काळे खडक, एकावर दीपगृह. त्यांच्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथं चोरी चालायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं त्यांच्या रक्षणाचं काम केलं. आम्ही तिथं उतरलो नाही आणि बुडीही घेतली नाही. प्रवाह जोराचा होता, आणि आमचा अनुभव चार दिवसांचा. अशा एकाकी बेटाशी मोबाइलला भरवसा नसतो. होडीवर रेडिओ, प्राथमिक उपचारासाठी ऑक्सिजन (इथं मात्र खरा ऑक्सिजन लागतो), शिट्टी, पाण्यावर उभारायची रंगीत फुगवणी, आणि सगळे पाण्यात असताना होडीवर थांबणारा एक शहाणा माणूस, एवढं नसेल तर जाऊच नये. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक होडीवर प्रत्येकाला पाठ हवा. नायट्रोजनचा त्रास झालेल्याला दाबाच्या बंद कक्षात ठेवून बरं करावं लागतं, आणि अशी सोय मोजक्या ठिकाणी असते. मुंबईतलं नौदलाचं अश्विनी रुग्णालय त्यांतलं एक. निवतीच्या समुद्रातून मुंबई किती तासांची, हे मनात मोजून मगच खोलीचा आकडा ठरवावा.

आणि माणसं मोजावीत. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक होडी एका अमेरिकी जोडप्याला पाण्यातच विसरून किनाऱ्याला परतली. मोजणीत चूक झाली होती. ते राहिल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. आमच्याकडे वारीला, लग्नाच्या बसला निघताना जसं एकेकाचं नाव घेऊन मोजतात, तसं नाव घेऊनच मोजायचं.

निवतीच्या त्या होडीतून तांडेलनं वायव्येकडे हात करून सांगितलं की तिकडं, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रे बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, पाण्याखाली बुडालेला प्रवाळाचा डोंगर. माथाच वीसेक मीटर खाली. 2019 च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथं जाऊन आली. तिथं हौशी बुडीची गर्दी व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. दूरच्या जागा दूर आहेत म्हणूनच वाचल्या आहेत. पण प्रवाळ का टिकायला हवं, हे कळायला लक्षद्वीपकडे पाहावं. त्या बेटांची जमीनच प्रवाळाच्या चुऱ्याची. प्रवाळ लाटा अडवतं तोवर बेट राहतं. बंगारामच्या कंकणाकृती प्रवाळबेटांतलं परळी-1 हे निर्मनुष्य बेट धूप होऊन पाण्याखाली गेलं, हे 2017 च्या अभ्यासात नोंदलं आहे.

परतीला आम्ही एक पूर्ण दिवस मालवणात नुसतं बसून काढला. बुडीनंतर अंगातला नायट्रोजन निघून जाईपर्यंत उंचीवर जायचं नसतं. एका बुडीनंतर विमानाला किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर 18. खानदेशातले बरेच जण गाडी करून जातात आणि संध्याकाळी आंबोली घाटानं कोल्हापूरकडे निघतात. आंबोली सातशे मीटरांच्या आसपास आहे. उथळ बुडीनंतर धोका थोडा, पण खोल किंवा लागोपाठ बुड्या झाल्या असतील तर त्याच संध्याकाळी घाट चढू नये. ही गोष्ट मला तिथल्या एकाही फलकावर दिसली नाही.

भुसावळहून यावलला येताना तापीचा पूल लागतो. भाचा खिडकीशी होता. नदीच्या कडेला काटेरी झुडपांना निळ्या-पांढऱ्या पिशव्या लटकलेल्या. केळीच्या घडाला घालतो त्या आमच्याच स्कर्टिंग बॅगा, आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी. पुरात हे सगळं नदीत जातं, आणि तापी सुरतेपाशी त्याच अरबी समुद्राला मिळते. यंदा घड उतरल्यावर आमच्या बागेतल्या बॅगा आणि नळ्या गोळा करून आम्ही भंगारवाल्याला दिल्या. अख्ख्या तालुक्यानं दिल्या तर बरं होईल.

या हिवाळ्यात तुम्ही मालवणला निघाला असाल तर पैसे देण्याआधी विचारा. माझ्यासोबत पाण्यात उतरणाऱ्याचं प्रमाणपत्र कुठलं आणि एका वेळी त्याच्याकडे किती माणसं? आजारांचा अर्ज भरून घेता का? होडीवर ऑक्सिजन आहे का? नांगर कुठं टाकता? आणि माशांना खायला घालता का? शेवटच्या प्रश्नाला कुणी हसत 'हो, फोटो छान येतात' म्हणालं, तर तिथून उठा. सिंधुदुर्ग किल्ला पाहा, त्यातल्या दूधबाव विहिरीचं भर समुद्रातलं गोड पाणी पाहा, आणि बुडी चांगला माणूस भेटेल तेव्हा घ्या.